आईच्या प्रतिमेआडची अभिनेत्री

सुलोचनाबाई लाटकर यांचे ४ जून २०२३ रोजी मुंबईत वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. त्या आठवड्यात मराठी वृत्तपत्रांतून आणि सभांतून जी श्रद्धांजली वाहिली गेली, तीत एक शब्द सर्वत्र होता, तो म्हणजे ‘आई’. पडद्यावरची आई, चित्रसृष्टीची आई, सोज्ज्वळ मातृत्वाची मूर्ती. आपल्या सीमाभागात त्याला आणखी एका शब्दाची जोड मिळाली : ‘आपल्या’. निपाणीजवळच्या खडकलाटची कन्या, चिकोडी तालुक्याचे भूषण. दोन्ही शब्द प्रेमाचे आहेत आणि खोटे एकही नाही. तरीही या दोन शब्दांनी एक काम बिनबोभाट उरकून घेतले आहे. सुलोचनाबाई अभिनेत्री म्हणून कशा होत्या, त्यांचे सामर्थ्य कशात होते, त्यांना काय मिळाले आणि काय नाकारले गेले, हे प्रश्न विचारण्याची गरजच त्यांनी संपवली. आईचे मूल्यमापन करावयाचे नसते आणि आपल्या माणसाचेही करावयाचे नसते, अशी आपली रीत आहे. प्रस्तुत लेखात ती रीत थोडी बाजूला ठेवण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम चरित्राचा धागा. ३० जुलै १९२८ रोजी बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट येथे त्यांचा जन्म झाला. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. बाजार, सोयरिकी, देवधर्म या सर्व दृष्टींनी त्याचे तोंड कोल्हापूरकडे होते. कोल्हापूर त्या काळी चित्रपटाचे माहेरघर होते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून ही परंपरा सुरू झाली. १९२९ साली तेथेच स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली, तरी स्टुडिओंचे हे शहर ओस पडले नाही. लहान वयात लग्न होऊन कोल्हापूरला आलेल्या या मुलीला मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ‘चिमुकला संसार’ (१९४३) या चित्रपटात किरकोळ काम मिळाले. त्याच संस्थेत त्या दिवसांत लता मंगेशकरही पोटासाठी लहानसहान भूमिका करीत होत्या. पुढे सुलोचनाबाई भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या आणि तेथे खऱ्या अर्थाने घडल्या. ‘सुलोचना’ हे नावही भालजींनीच दिलेले. भारतीय चित्रपटात हे नाव नवे नव्हते. मूकपटांच्या काळातील अत्यंत लोकप्रिय नायिका रूबी मायर्स याच नावाने ओळखली जाई. हिंदीत सुलोचना चटर्जी होत्या, तर मराठी लावणीच्या क्षेत्रात सुलोचना चव्हाणांचे नाव गाजत होते. त्यामुळे आजही जुन्या श्रेयनामावल्या वाचताना गोंधळ उडतो. या गर्दीत लाटकरबाईंना आडनाव चिकटले ते ओळखीच्या सोयीसाठी. मराठी प्रेक्षकाला मात्र नुसते ‘सुलोचना’ म्हटले तरी पुरे होई.

त्यांच्या जडणघडणीतील एक गोष्ट आपल्या भागातील वाचकाने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे भाषा. खडकलाट, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातील मराठी ही कोल्हापुरी बोलीची सख्खी बहीण असली, तरी कानडीच्या शेजाराने तिला स्वतःचा हेल आला आहे. या भागातील स्त्री स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी पुल्लिंगी क्रियापदे सहज वापरते. पुण्यामुंबईच्या कानाला हे प्रथम खटकते आणि मग त्याचे हसू येते. सुलोचनाबाईंच्या आरंभीच्या बोलण्यालाही लोक हसत. राम गबाले यांच्या ‘जिवाचा सखा’ (१९४८) मध्ये पांढरपेशा वळणाचे बोलणे आले, तेव्हा त्यांना ते शिकून घ्यावे लागले. त्यांनी ते वाचून, ऐकून, घोकून आत्मसात केले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडची मराठी इतकी स्वच्छ आणि निर्मळ झाली, की त्यांच्या मुलाखती ऐकणाऱ्याला गावाचा पत्ता लागू नये. हिंदी ही तर त्यानंतरची, आणखी एक कमावलेली भाषा.

या घटनेकडे कष्टाची यशोगाथा म्हणून पाहता येते आणि तसे पाहिलेही गेले आहे. पण तिला दुसरी बाजू आहे. निपाणीतच राहून, पिठाची गिरणी चालवीत लिहिणारे महादेव मोरे यांनी याच बोलीला कथा-कादंबऱ्यांतून प्रतिष्ठा मिळवून दिली. विडी कामगार स्त्रिया, गॅरेजमधील पोरे, तंबाखूच्या वखारीतील माणसे त्यांच्या पानांवर आपल्याच शब्दांत बोलली. २०२४ साली मोरे गेले, तेव्हा ती भाषा ग्रंथांत सुरक्षित होती. छापील पानाने जे सामावून घेतले, ते पडद्याने निदान आरंभी बाहेरच ठेवले. मराठी बोलपटाची नायिका होण्यासाठी सीमाभागातील मुलीला आपली वाणी उंबऱ्याबाहेर उतरवून ठेवावी लागली. हा दोष कोणा एका दिग्दर्शकाचा नव्हे. त्या वेळच्या संपूर्ण अभिरुचीचाच तो नियम होता. तथापि सुलोचनाबाईंच्या अभिनयाचा एक विशेष या अनुभवातून आला असावा, असे मला वाटते. त्या संवादावर कधीच विसंबून राहिल्या नाहीत. शब्द ज्याला कष्टाने मिळवावा लागतो, तो शब्द जपून वापरतो. त्यांच्या उत्तम भूमिकांत वाक्य संपल्यानंतरचा क्षण हा वाक्यापेक्षा महत्त्वाचा असतो.

‘सासुरवास’ (१९४६) हा त्यांना नायिकापद देणारा भालजींचा चित्रपट. त्याच वर्षी बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हा योगायोग केवळ नोंदवून पुढे जाऊ. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी कर्ज काढून पुन्हा उभारणी केली आणि १९४९ मध्ये ‘मीठ भाकर’ पडद्यावर आला. भालजींच्या ग्रामीण पटांत सुलोचनाबाई शेतकऱ्याच्या घरातील स्त्री म्हणून दिसतात. त्यांचे रूप देखणे होते, पण ते दाखवण्याचे नव्हते. डोक्यावरून घेतलेला पदर, भुईकडे वळणारी नजर आणि एकदम वर येणारे डोळे, एवढ्यावर त्या प्रसंग पेलून नेत. रंगभूमीवरून आलेल्या नटांचा उंच स्वर त्यांच्यापाशी नव्हता, कारण त्यांची पाठशाळाच स्टुडिओ होती. त्या काळातील अनेक मराठी चित्रपट आज नाटकी वाटतात. त्यांतही सुलोचनाबाईंचे प्रसंग तेवढे जुने वाटत नाहीत, याचे एक कारण येथे आहे. कॅमेरा जवळ आहे, ओरडण्याची गरज नाही, हे त्यांना प्रारंभीच उमगले होते.

१९५३ सालचा ‘वहिनींच्या बांगड्या’ हा त्यांच्या कीर्तीचा पहिला मोठा टप्पा. य. गो. जोशी यांच्या कथेवरून शांताराम आठवले यांनी तो दिग्दर्शित केला. दिराला पोटच्या मुलासारखे वाढवणारी वहिनी हा विषय मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या काळजाला हात घालणारा होता. या चित्रपटावरून १९६१ मध्ये हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ निघाला. त्यात ही भूमिका मीनाकुमारींनी केली, तर संगीत सुधीर फडक्यांचे होते. दोन अभिनेत्रींची तुलना येथे उद्बोधक ठरते. मीनाकुमारींची भाभी पहिल्या प्रवेशापासूनच दुःखाची सावली घेऊन येते. तिच्या आवाजातच एक शोकगीत आहे. तिचे भवितव्य आपल्याला आधीच कळते आणि आपण ते पाहण्यास बसतो. सुलोचनाबाईंची वहिनी आधी घरातील कामे करते. ती स्वयंपाकघरात असते, दिराला दटावते, नवऱ्याकडे बघून हसते. शोकांतिका तिच्यावर बाहेरून येऊन आदळते, म्हणून ती अधिक अनपेक्षित आणि अधिक खरी वाटते. मीनाकुमारी श्रेष्ठ अभिनेत्री होत्या, त्यात वाद नाही. परंतु ही विशिष्ट भूमिका, ओसरीवर आणि चुलीपाशी घडणारी, मराठी वहिनीनेच अधिक न्यायाने केली, हे म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

‘प्रपंच’ (१९६१) हा याहून वेगळ्या जातीचा चित्रपट. ग. दि. माडगूळकरांच्या ‘आकाशाची फळे’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि दिग्दर्शन मधुकर पाठक यांचे आहे. कुंभाराचे घर, वाढत जाणारी मुले, न वाढणारी मिळकत. विठोबा कुंभाराच्या भूमिकेत शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरत, त्या शाहिराला येथे दारिद्र्याने वाकलेल्या माणसाच्या भूमिकेत पाहणे हाच एक विलक्षण अनुभव आहे. त्यांच्यासमोर सुलोचनाबाई आहेत. या चित्रपटात त्यांच्या अभिनयातील अलंकार अगदी गळून पडले आहेत. येथील आई पूज्य नाही, थकलेली आहे. मुलांची संख्या हे तिच्या दृष्टीने वैभवही नाही आणि पापही नाही. रोज किती भाकरी लागतील, एवढाच त्या संख्येचा अर्थ. चित्रपटाला कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचा हेतू होता आणि तो कुठे कुठे उघडही होतो. परंतु सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यावर प्रचार दिसत नाही, शीण दिसतो. निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखूच्या धुळीत काम करून घरी परतणाऱ्या आयाबाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा शीण ओळखू येईल. त्यांची मूळ बोली पडद्यावर आली नसेल, परंतु त्या मातीतील बाईचे बसणे-उठणे, कपाळावरून हात फिरवणे, बोलताना मध्येच थांबणे येथे आले आहे.

आता ‘सुजाता’ (१९५९) या चित्रपटाकडे वळतो. सुलोचनाबाईंचे हिंदीतील सर्वश्रेष्ठ काम कोणते, असे विचारल्यास याच चित्रपटाचे नाव घ्यावे लागेल. बिमल रॉय यांचा हा चित्रपट सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेला आहे. साथीच्या रोगाने आईबाप गेलेले एक अस्पृश्य मूल अभियंता उपेन्द्रनाथ चौधरी आणि त्यांची पत्नी चारू यांच्या घरी येते आणि तेथेच वाढते. सुजाता म्हणजे नूतन, चारूची पोटची मुलगी रमा म्हणजे शशिकला, जातीचा धाक घालणारी वृद्ध आप्त म्हणजे ललिता पवार आणि चारू म्हणजे सुलोचना. बंगाली दिग्दर्शकाने बंगाली कथेवर काढलेल्या या चित्रपटाचा स्त्रीसंसार चार मराठी अभिनेत्रींनी उभा केला आहे, ही गोष्ट मराठी समीक्षेने जेवढी नोंदवावयास हवी होती, तेवढी नोंदवलेली नाही.

‘सुजाता’वर जे लिहिले गेले ते बहुतांशी नूतनविषयी, आणि ते योग्यच आहे. परंतु या कथेचा नैतिक पेच सुजाताच्या मनात नाही, तो चारूच्या मनात आहे. सुजाताला बदलावयाचे नाही, चारूला बदलावयाचे आहे. चारू दुष्ट नाही. तिने त्या मुलीला न्हाऊ-माखू घातले आहे, ती आजारी पडल्यावर जागरणे केली आहेत. तरीही पाहुण्यांपुढे ओळख करून देताना ती तिला मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. त्या ‘सारखी’ या एका प्रत्ययात सगळी जातिव्यवस्था सामावली आहे. सुलोचनाबाई हा शब्द उच्चारतात, तेव्हा त्यात कठोरपणा नसतो, सवय असते. आणि सवय ही क्रौर्यापेक्षा भयंकर गोष्ट असते. एखाद्या सामान्य अभिनेत्रीने येथे कपाळाला आठ्या घालून प्रेक्षकाला सांगितले असते, की पाहा, ही बाई चुकत आहे. सुलोचनाबाई तसे काही करीत नाहीत. त्या चारूला इतकी सभ्य, इतकी मायाळू ठेवतात, की प्रेक्षकगृहात बसलेल्या सुसंस्कृत बाईला स्वतःचाच चेहरा तेथे दिसावा. शेवटी अपघातात सापडलेल्या चारूला रक्त लागते आणि ते सुजाताचेच जुळते. हा योग कथाकाराने सोयीने आणलेला आहे, हे मान्य करावे लागेल. रक्ताने जात पुसली गेली, हे उत्तर फार सोपे आहे. जे रक्त जुळले नसते, तर चारूचे मन बदलले नसते काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. पण सत्य कळल्यानंतर चारूच्या मुद्रेवर जो भाव येतो, त्यात कृतज्ञतेहून अधिक लाज आहे. संहितेने जे सोपे केले, ते अभिनेत्रीने पुन्हा अवघड केले आहे.

पडद्यावरची ‘सोज्ज्वळ आई’ या शिक्क्याला ‘सुजाता’ हा सणसणीत अपवाद आहे. मायाळू असूनही अपूर्ण, प्रेमळ असूनही पक्षपाती अशी आई सुलोचनाबाई किती समर्थपणे उभी करू शकत होत्या, याचा हा पुरावा आहे. मग हिंदी चित्रपटसृष्टीने या पुराव्याचे काय केले? तिने त्यातील अपूर्णता काढून टाकली आणि आई तेवढी ठेवली.

येथे काही जन्मवर्षे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. ‘सुजाता’ आली त्या वर्षी सुलोचनाबाई एकतीस वर्षांच्या होत्या. पडद्यावरील त्यांची कन्या शशिकला यांचा जन्म १९३२ चा, म्हणजे आई-मुलीत अंतर चार वर्षांचे. त्याच वर्षीच्या ‘दिल देके देखो’ मध्ये त्या शम्मी कपूर यांची आई झाल्या. शम्मी कपूर १९३१ साली जन्मले. ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) मध्ये तर त्या देव आनंद आणि प्राण या भावांची आई आहेत. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा, प्राण यांचा १९२० चा. धाकटा मुलगा आईहून पाच वर्षांनी मोठा आणि थोरला आठ वर्षांनी! ‘कटी पतंग’ (१९७०) मध्ये सासू, ‘मजबूर’ (१९७४) मध्ये अमिताभ बच्चन यांची आई. ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. हिंदी-मराठी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते, आणि त्यांतील हिंदीचा वाटा फार मोठा आहे. पण बहुतेक ठिकाणी त्यांना दहा-बारा प्रसंग आहेत : देवघर, आजारपण, मुलाची वाट पाहणे, मुलाच्या गळ्यात पडणे. पस्तिशीतील नायक नायकच राहतो आणि पस्तिशीतील नायिका त्याची आई होते, हा व्यवसायाचा अलिखित कायदा होता. ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये नर्गिस यांनी आपल्याच वयाच्या सुनील दत्त यांची आई रंगवली, हे उदाहरण लगेच पुढे केले जाते. पण तेथे आई हीच नायिका होती, कथा तिची होती. सुलोचनाबाईंच्या वाट्याला हिंदीत जी आई आली, ती दुसऱ्याच्या कथेतील होती.

अन्य देशांतील चित्र याहून वेगळे होते काय? ब्रिटिश अभिनेत्रींची कारकीर्द पाहिली, तर फरक स्पष्ट दिसतो. पेगी ॲशक्रॉफ्ट यांचा जन्म १९०७ चा. त्यांनी ‘द ज्युएल इन द क्राउन’ या दूरचित्रवाणी मालिकेत आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’ या चित्रपटात अविस्मरणीय भूमिका केल्या त्या १९८४ साली, आणि चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. जूडी डेंच यांना ते पारितोषिक चौसष्टाव्या वर्षी मिळाले. त्यानंतरही नायिकापदाच्या भूमिका त्यांच्याकडे येतच राहिल्या. हे केवळ त्यांच्या गुणवत्तेमुळे घडले नाही. तेथे अनुदानित रंगभूमी होती, सार्वजनिक दूरचित्रवाणीची नाट्यपरंपरा होती, वृद्ध स्त्रीच्या मनात काय चालते हे लिहिणारे लेखक होते. चित्रपटाने पाठ फिरवली तर अभिनेत्रीला उभे राहावयास दुसरी जागा होती. सुलोचनाबाईंना ती नव्हती. त्यांचे माध्यम एकच होते आणि त्या माध्यमाने त्यांच्यासाठी एकच दार उघडे ठेवले होते. त्या दारातून त्या सन्मानाने आल्या-गेल्या, हे त्यांचे मोठेपण. परंतु त्यामुळे दारे आणखी असावयास हवी होती, हा मुद्दा संपत नाही.

मराठीने त्यांना अधिक दिले, हे खरे. ‘मोलकरीण’ (१९६३) आणि ‘एकटी’ (१९६८) या दोन्ही चित्रपटांत आई केंद्रस्थानी आहे. एकीत ती आपल्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबते, दुसरीत मुलासाठी आयुष्य वेचून अखेर एकटी उरते. ‘एकटी’मध्ये मुलाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर आहेत, जे पुढे प्रत्यक्षात त्यांचे जामात झाले. या चित्रपटांच्या वेळी प्रेक्षागृहातून हुंदके ऐकू येत. त्या अश्रूंना हसण्याचे कारण नाही. परंतु ते कशासाठी होते, हे विचारावयास हवे. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गाव सोडून शहरात, पुढे परदेशात जाणारी पहिली पिढी आणि मागे राहिलेले आईबाप हा साठच्या दशकातील मराठी मध्यमवर्गाचा ताजा घाव होता. ‘मोलकरीण’ आणि ‘एकटी’ यांनी त्या अपराधभावाला अश्रूंची वाट करून दिली. रडून घरी गेलेल्या मुलाने आईला पत्र लिहिले असेलही. परंतु त्या आईने सर्व सहन करावे, तक्रार करू नये, हा आदर्शही याच चित्रपटांनी पक्का केला. स्त्रीने सोसावे आणि सोसण्यातच तिचे मोठेपण मानावे, ही शिकवण सुलोचनाबाईंच्या सुंदर चेहऱ्याने अधिक गोड करून सांगितली, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

तथापि हा आक्षेप अभिनेत्रीपेक्षा संहितांवर अधिक लागू पडतो. सोसण्याची भूमिका करणारी नटी दोन प्रकारे ती करू शकते. एक, सोसणे हे व्रत म्हणून. दुसरे, सोसणे हे ओझे म्हणून. सुलोचनाबाई अनेकदा पहिल्या प्रकारच्या संहितेत दुसऱ्या प्रकारचा अभिनय करताना दिसतात. ‘मोलकरीण’मध्ये मालकीण झालेल्या सुनेसमोर उभी असलेली आई नम्र आहे, पण त्या नम्रतेत एक ताठरपणा आहे. मान खाली, पण पाठ सरळ. हा सूक्ष्म विरोध लेखकाने लिहिलेला नसतो. तो शरीरातून येतो. भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) मधील जिजाबाईंमध्ये ही सरळ पाठ पूर्णपणे प्रकट झाली. जिजाबाई म्हटले की आजही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो, तो त्यांचा आहे. त्या आईत करुणा आहे, पण तिचे मुख्य लक्षण सत्ता हे आहे. ती मुलाची वाट पाहत रडत नाही, त्याला कामावर पाठवते. मोलकरीण आणि राजमाता या दोन्ही भूमिका एका वर्षाच्या अंतराने करणारी अभिनेत्री एका साच्याची होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

येथे पुन्हा सीमेचा विषय येतो. ज्या बाईंनी महाराष्ट्राच्या राजमातेला चेहरा दिला, त्यांचे जन्मगाव १ नोव्हेंबर १९५६ पासून महाराष्ट्राबाहेर आहे. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्रास देण्याची शिफारस केली, तीही कागदावर राहिली. २००४ पासून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ चा ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सुलोचनाबाईंना दिला, तेव्हा आपल्याकडे झालेला आनंद या पार्श्वभूमीवर समजण्यासारखा आहे. त्याआधी १९९९ मध्ये ‘पद्मश्री’ आणि २००४ मध्ये ‘फिल्मफेअर’चा जीवनगौरव त्यांना मिळाला होता. परंतु ‘आपल्या’ म्हणून त्यांच्यावर हक्क सांगताना आपण काय केले? आपल्या भागातील संस्थांनी सत्कार केले, फलक लावले, भाषणे केली. त्यांच्या भूमिकांवर, त्यांच्या भाषेच्या प्रवासावर, सीमाभागातील स्त्रीचे कोणते अंश त्यांच्या अभिनयात उतरले यावर एखादे चर्चासत्र, एखादा ग्रंथ, चित्रपटांचा एखादा क्रमबद्ध महोत्सव आपल्याकडून झाला असता, तर त्या हक्काला अधिक अर्थ आला असता. जन्मगावाचा दाखला ही नोंद आहे. कलावंत आपला होतो, तो आपण त्याची कला वाचू शकतो तेव्हा.

ही चर्चा आज तातडीची होण्याचे आणखी एक कारण आहे. सुलोचनाबाईंच्या पहिल्या दशकातील मराठी चित्रपट सहजपणे पाहावयास मिळत नाहीत. जे मिळतात, ते पुष्कळदा कापलेल्या, झिजलेल्या प्रतींत. हिंदी चित्रपट मात्र सर्वत्र उपलब्ध आहेत. परिणाम असा, की नव्या पिढीला त्यांची ओळख होते ती देव आनंदांची किंवा अमिताभची आई म्हणूनच. ‘मीठ भाकर’ची, ‘वहिनींच्या बांगड्या’ची, ‘प्रपंच’ची सुलोचना हळूहळू केवळ ज्येष्ठांच्या आठवणीत उरेल. आठवण प्रेमळ असते, पण ती पुरावा म्हणून पुरत नाही. आठवणीत सर्व आया सारख्याच दिसू लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधून आपल्यासारख्या मंडळांनी बेळगाव-निपाणीत या चित्रपटांचे जाणीवपूर्वक प्रदर्शन घडवून आणणे अशक्य नाही. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. इच्छा आणि एक बरे सभागृह लागते.

सुलोचनाबाईंच्या एकूण कामगिरीचे मोजमाप करताना हात आखडता घेण्याची गरज नाही, तसाच तो सैल सोडण्याचीही नाही. त्यांच्या शेकडो भूमिकांपैकी बहुसंख्य भूमिका विसरण्याजोग्या आहेत, कारण त्या लिहिल्याच तशा गेल्या होत्या. ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘सुजाता’, ‘प्रपंच’, ‘मोलकरीण’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ एवढ्या पाच जरी घेतल्या, तरी त्या भारतीय चित्रपटातील अव्वल दर्जाच्या अभिनेत्री ठरतात. या पाचांत त्या आई, वहिनी किंवा मातेसमान आहेत हे खरे, पण पाचही स्त्रिया भिन्न आहेत. एक हसतमुख, एक पूर्वग्रहाने बांधलेली, एक थकलेली, एक अपमान गिळणारी, एक आज्ञा देणारी. ‘आई’ या एका शब्दाखाली या पाच स्त्रियांना कोंबणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. पुढच्या श्रद्धांजली-सभेत कोणी त्यांना पुन्हा पडद्याची आई म्हटले, तर ती आई कोणत्या चित्रपटातली, एवढे श्रोत्यांनी विचारले तरी विवेचनाला सुरुवात होईल.